घेणाऱ्याचं नाव

फळवाटपाची बातमी टेबलावर आली की दस्तगीर काझी तिच्यात एकच गोष्ट शोधत. देणाऱ्यांची नावं पंधरा-वीस असत, हुद्द्यांसकट. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, मित्रमंडळाचे सल्लागार. ती ते वाचत नसत. बोट सरळ शेवटच्या ओळीवर नेत आणि प्रेसनोट घेऊन आलेल्या माणसाला विचारत, "घेणाऱ्याचं नाव कुठं हाय?"

"गरजू रुग्ण असं लिहिलंय की, भाई."

"गरजू हे नाव न्हाय. आईनं काय ठेवलंय?"

माणूस गोंधळून जाई. विचारून येतो म्हणे. बहुतेक वेळा परत येत नसे. आलाच तर बातमी चार ओळींत लागे आणि पहिल्या ओळीत घेणाऱ्याचं नाव असे.

वर्तमानपत्राच्या धाराशिवमधल्या जिल्हा कार्यालयात मी रुजू झाले तेव्हा दस्तगीरभाई तिथले सर्वांत जुने उपसंपादक होते. कार्यालय म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. ते तेर या गावाहून रोज एसटीने येत. फिकट निळा शर्ट, खिशात एक लाल पेन, एक शिसपेन्सिल आणि एक जुनं कोरं पोस्टकार्ड. प्रेसनोटा व्हॉट्सॲपवर यायला लागल्या तरी ते त्या छापून घेत. लाल पेन बातमीसाठी होतं. पोस्टकार्ड फोटोसाठी. ते फोटोवर सरकवून कुठला भाग झाकला तर काय उरतं हे ते बघत, आणि मग संगणकावर तेवढाच भाग ठेवायला सांगत.

एकदा शिलाई मशीनच्या वाटपाचा फोटो आला. मशीनमागे एक बाई बसलेली, आणि तिच्यावर वाकून सहा पुढारी उभे. सहाही जणांचे हात मशीनवर. दस्तगीरभाईंनी पोस्टकार्ड वरून खाली आणलं. उरली ती बाई, मशीन आणि मनगटापर्यंतचे सहा हात. फोटो तसाच छापला. खाली बाईंचं नाव.

दुसऱ्या दिवशी त्यांतले दोघे जिना चढून आले.

"काझीसाहेब, आमची तोंडं कुठं गेली?"

"हात आल्यात की. दान काय तोंडानं करता का?"

"लोक ओळखणार कसं?"

"एकाच्या बोटात खड्याची अंगठी हाय. त्याला ओळखतील."

अंगठीवाला हसला. दुसरा हसला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "भाई, तुमाला कुणाचं चांगलं बघवत न्हाय."

हा आरोप त्यांच्यावर नेहमी होई. माझ्या मते तो खरा नव्हता. दिल्याने देणाऱ्यालाही काही मिळतं, यावर त्यांचा काहीच राग नव्हता. "मिळू द्या की," ते म्हणत. "चूल पेटवणाऱ्याला ऊब लागणारच. फक्त वर तोंड करून, मी थंडीत बसलो होतो, असं सांगू नये माणसानं." हा न्याय ते स्वतःलाही लावत. रमजानच्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला त्यांची एक मोठी जांभई येई. एकदा ती देऊन झाल्यावर म्हणाले, "रोजा अल्लासाठी हाय. ही जांभई मात्र तुमच्यासाठी. तुमी बघावं म्हणून."

पेन्सिल कशासाठी होती ते मला दिवाळीच्या आधी कळलं. आमच्या आवृत्तीची कथास्पर्धा असे. गावोगावचे शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई कथा पाठवत, बऱ्याचशा हाताने लिहिलेल्या. पहिलं वाचन दस्तगीरभाई करत. कथेतलं एखादं पात्र फारच त्यागी निघालं की समासात बारीक अक्षरात एक ओळ लिहीत: "ह्यात ह्याला काय मिळालं?"

एका वर्षी एका शिक्षकाची कथा आली. वडील गेल्यावर थोरला भाऊ शाळा सोडतो. बहिणींना शिकवतो, त्यांची लग्नं लावतो. स्वतः कुणाकडून पाण्याचा पेलाही घेत नाही. शेवटी एकटाच मरतो आणि बहिणी टाहो फोडतात. कार्यालयात आम्हा तिघांना ती कथा आवडली. मी तिला पहिला क्रमांक दिला होता. दस्तगीरभाईंनी पाण्याच्या पेल्याचं वाक्य अधोरेखित करून समासात त्यांचा प्रश्न लिहिला होता.

"ह्याला काय मिळणार?" मी म्हणाले. "मेला तो."

"मॅडम, चाळीस वर्षं त्या घरात सगळे त्याच्यापुढं मान खाली घालून वावरले. आणखी काय पाहिजे माणसाला? राजाला मिळत न्हाय एवढं."

"म्हणजे तो वाईट?"

"वाईट कोण म्हणतंय? त्यानं केलं ते केलंच. पण लिहिणाऱ्याला हे दिसलं न्हाय, म्हणून गोष्ट खोटी. दिसलं असतं तर लई मोठी गोष्ट झाली असती ही."

बक्षीस तेरखेड्याच्या एका बाईंच्या दोन पानी कथेला गेलं. एक बाई शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला रोज भाकरी नेऊन देते, एवढीच गोष्ट. शेवटी ती म्हणते की घरात मला कुणी काही विचारत नाही, हा म्हातारा रोज विचारतो, आज काय झालं गं? म्हणून मी जाते. दस्तगीरभाईंनी त्या पानाच्या समासात काही लिहिलं नव्हतं. "हिला काय मिळतंय ते हिला ठाऊक हाय," एवढंच म्हणाले.

त्यांच्या घरची हकीकत मला नंतर कळली. वडील गेले तेव्हा ते वीस वर्षांचे होते, कॉलेज सुटलं. धाकटी बहीण मुमताज आठ वर्षांची. तिला त्यांनी बारावीपर्यंत शिकवलं, मुरुमच्या कापड दुकानदाराच्या घरी दिलं. स्वतःचं लग्न उशिरा केलं. बायको काही वर्षांत गेली, मूल नव्हतं. थोरल्या भावाच्या त्या कथेत त्यांना आपलं घर दिसलं होतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मी विचारलं नाही.

एक सवय मात्र मी पाच वर्षं रोज पाहत होते आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. ते कुणाचा चहा घेत नसत. ईदला सगळ्या कार्यालयाला पुरेल इतका शीरखुर्मा आणत, पण दिवाळीला आम्ही दिलेला फराळ उभ्या उभ्या तिथंच सगळ्यांत वाटून टाकत. मुमताजने मुरुमहून पाठवलेला स्वेटर त्यांनी तेरच्या एसटीच्या वाहकाला दिला. मला तो मनाचा मोठेपणा वाटे. आमच्यापैकी कुणालाच त्यात पेन्सिलीने काही लिहावंसं वाटलं नाही.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्या दिवशी ते केंद्रातून सरळ कार्यालयात येत, डाव्या हाताला पट्टी तशीच, आणि तासभर बसून प्रेसनोटा तपासत.

त्या दिवसांत मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. जिल्ह्याच्या पत्रकारितेतला उपेक्षित माणूस, अशा धर्तीचा. रविवारच्या पुरवणीत द्यायचा होता. त्यांना कुठून तरी कळलं. त्यांनी प्रत मागितली, लाल पेन काढलं आणि गोल करत सुटले. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"मी, मला, माझं. किती वेळा आलंय, मोजा."

मी मोजलं. एकोणीस.

"आणि काझी?"

"सात."

"मग हे चित्र कुणाचं हाय, मॅडम?"

शेवटचं वाक्य 'माझे डोळे पाणावले' असं होतं. त्याला त्यांनी गोल केला नव्हता. त्याच्याकडे नुसतं पेन दाखवलं. लेख छापला नाही. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

हे सांगायचं कारण पुढे आहे.

पावसाळ्यानंतर मुमताजताई मुरुमहून आल्या. सोबत एक फाइल होती. भावाला न सांगता त्यांनी सोलापूरला जाऊन स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या होत्या. रक्तगट जुळत होता, नवऱ्याची संमती होती, दोन्ही मुलं कॉलेजात होती. त्या आपली एक किडनी द्यायला तयार होत्या. दस्तगीरभाईंनी फाइल उघडली नाही.

"तिला लेकरं हायत," त्यांनी आम्हाला कार्यालयात सांगितलं. "मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझं राहिलंय किती? बहिणीच्या अंगाला सुरी लावून मी जगू? एवढा स्वार्थी न्हाय मी."

 एकाने त्यांचा हात धरला. तेरला ही गोष्ट पसरली आणि नमाजानंतर लोक घरी येऊन भेटून जाऊ लागले. असा भाऊ मिळायला नशीब लागतं, असं म्हणू लागले. मी त्यांच्या घरी तीनदा गेले. तिन्ही वेळा कुणी ना कुणी भेटायला आलेलं होतं आणि तिन्ही वेळा त्यांनी ती गोष्ट सांगितली. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की शब्द तेच होते. "माझं राहिलंय किती" नंतरचा थांबाही तेवढाच होता. त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी न पाहिलेलं समाधान होतं.

ज्या माणसाकडून मी त्यागातली मिळकत ओळखायला शिकले, त्याच्यातच ती मला दिसली. मी बोलले नाही. आजारी माणसाला काय बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण चांगलं दिसत होतं. खरं कारण असं होतं की लाल पेनाने ज्याने मला पकडलं, त्याला पकडायला गेले तर तो मला पुन्हा पकडेल याची भीती होती. शिवाय न बोलण्याने मी समंजस ठरत होते. हे सात महिने चाललं. त्या सात महिन्यांत त्यांचं वजन उतरलं, दम लागायला लागला आणि एसटीचा प्रवास बंद झाला. ते आठवड्यातून दोनदा भाड्याच्या रिक्षाने डायलिसिसला येत आणि तसेच परत जात. कार्यालय सुटलं.

मुमताजताईंनी मला फोन केला. "मॅडम, रविवारी तेरला येता का? मी एकटी बोलले की ते डोळे मिटून पडत्यात. तुमच्यासमोर तसं करणार न्हाईत."

मी गेले. दस्तगीरभाई पलंगावर उशीला टेकून बसले होते. पायांवर चादर होती. मुमताजताई दोन एसट्या बदलून आल्या होत्या, चप्पल काढल्या काढल्या बोलायला लागल्या. भावाबहिणीचं एकमेकांशी नेहमीचं बोलणं दखनी उर्दूत चाले.

"भाई, फाइल देखो. एक बार देखो."

"देखके क्या करना? तेरे बच्चों का सोच."

"बच्चे मेरे हैं. मेरा मरद राजी है. तुम हर बार उनको बीच में लाते."

"मुमताज, नक्को बोल्या ना मैं. मेरा रह क्या गया?"

तो थांबा पुन्हा आला. मी खिडकीकडे बघितलं. मुमताजताई उठून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि एकदम मराठीत बोलायला लागल्या. घरात भावाशी मराठीत बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"काझीसाहेब, ह्यात तुमाला काय मिळतंय?"

दस्तगीरभाईंनी मान वर केली.

"तुमीच सांगत होता न्हवं, हापिसात तुमी हे विचारता म्हणून? मग मी बी विचारते. अब्बा गेल्यापासून मी घेतच आले. वह्या घेतल्या, पोळी घेतली, लग्नाचा शालू घेतला. तुमाला एक स्वेटर दिला, तो तुमी कंडक्टरला दिला. तो घालून त्यानं मला तिकीट फाडलं, भाई. ओळखला मी स्वेटर. तवापासून विचारायचं होतं. काय मिळतं तुमाला?"

 बाहेर कुणीतरी शेळीला हाकलत होतं.

"तुझ्यापेक्षा लहान व्हायचं न्हाय मला," दस्तगीरभाई म्हणाले. आवाज बातमी वाचून दाखवावी तसा होता. "कुणापेक्षाच न्हाय. देणारा वर बसतो. मला खाली बसायला येत न्हाय."

"त्यासाठी मरताय?"

"व्हय. तसंच दिसतंय."

"आता माझं ऐका," मुमताजताई म्हणाल्या. "माझा बी स्वार्थ हाय. लई मोठा. मला तुमच्या उपकारातनं सुटायचंय. एकदा तरी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून, भाई, तुमी माझ्यामुळं हायसा, असं म्हणायचंय. पुण्यासाठी देत न्हाय मी. घ्या."

ते हसले. कित्येक महिन्यांनी त्यांना तसं हसताना मी पाहिलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, हे तुमाला दिसलं होतं का?"

"हो."

"कधीपासून?"

"बऱ्याच महिन्यांपासून."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बहिणीला म्हणाले, "फाइल दे."

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मीही सोबत गेले. तीन दिवस तपासण्या चालल्या. मुमताजताईंच्या सगळ्या चांगल्या आल्या. दस्तगीरभाईंचं हृदय फार अशक्त झालं होतं. एवढं मोठं ऑपरेशन ते सोसणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे, दोनदा सांगितलं. मुमताजताईंनी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टरांनी सोलापूरच्या तपासणीची तारीख विचारली. त्यांनी सांगितली. डॉक्टरांनी ती कागदावर लिहून घेतली आणि फाइल मिटून त्यांच्या हातात दिली.

परतीच्या गाडीत मुमताजताई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या. त्यांच्या हातात ती फाइल होती. आता तिचा काही उपयोग नव्हता, तरी त्यांनी ती मांडीवर सरळ धरली होती. एकदा त्या म्हणाल्या, "माझं तसंच राहिलं, भाई."  दस्तगीरभाईंना दिवसाचं पाणी मोजून दिलेलं होतं आणि त्यांच्या बाटलीतलं टेंभुर्णीच्या आधीच संपलं होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मुमताज, तुझ्यातला एक घोट दे."

त्यांनी बाटली दिली. दस्तगीरभाईंनी एकच घोट घेतला, झाकण लावलं आणि बाटली परत करायच्या ऐवजी आपल्याजवळच ठेवली.

त्यानंतर मी त्यांना प्रत्यक्ष भेटले ते दोनदाच, दोन्ही वेळा डायलिसिस चालू असताना. बोलणं फार झालं नाही.

शेवटचं दिसणं फोटोतलं आहे. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची प्रेसनोट दुपारी व्हॉट्सॲपवर आली. डायलिसिसच्या रुग्णांना फळवाटप. खाली देणाऱ्यांची अकरा नावं. फोटोत पाच जण एका खाटेभोवती उभे, सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. उजव्या कडेला खाटेवरचा माणूस अर्धा कापला गेला होता. त्याचा उजवा हात पुढे होता, तळवा उघडा, आणि तळव्यावर एक केळं. मी फोटो मोठा केला. ते दस्तगीरभाई होते.

मी लगेच फोन लावला.

"खाल्लं नाही ना?"

"केळं? आमाला ते विषासारखं, मॅडम. नर्सनं धावत येऊन सगळ्यांची गोळा केली. फळं वाटणाऱ्याला हे बी ठाऊक न्हाय, आन् वाटतोय कुणाला, तर आमाला." त्यांना दम लागला. ते थांबले.

"मग घेतलं कशाला?"

"त्यानं हात पुढं केला. म्हटलं, घेऊन बघू. सवय न्हाय मला. आता करायला पाहिजे." पुन्हा थांबले. "छापणार हायसा का?"

"तुम्ही सांगा."

"छापा की. पण प्रेसनोटमध्ये कायतरी राहिलंय."

"माहीत आहे."

"हां. मग ठेवतो."

त्यांचं पोस्टकार्ड त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. ते मी पडद्यावर धरून डावीकडून सरकवलं. पाच जण गेले. एकाचा हात उरला, कोपरापर्यंत. त्याच्यापुढे दस्तगीरभाईंचा हात, आणि अर्धा चेहरा. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. तळव्यावरच्या केळ्याकडे बघत होते, एखाद्या छापून आलेल्या चुकीकडे बघावं तसं. फोटोओळ मी तीन शब्दांची लिहिली: दस्तगीर काझी, तेर. त्या रात्री पान गेलं. दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या माणसांचे दोन फोन आले. दस्तगीरभाईंचा आला नाही.

अकराव्या दिवशी ते गेले. मातीला गावातले बरेच लोक होते. बहिणीसाठी जीव दिला, असं दोघांनी मला सांगितलं. मी त्यांना काही म्हणाले नाही. या वेळीही नाही.

महिन्याभराने मुमताजताईंचा मुरुमहून फोन आला. वर्तमानपत्रातला तो फोटो त्यांना मोठा करून हवा होता. मी म्हणाले, त्यांचे कार्यालयातले चांगले फोटो आहेत, सत्काराचे, शीरखुर्मा वाटतानाचे. त्यांत चेहरा पूर्ण दिसतो. त्यातला एखादा पाठवते.

"ते आमच्याकडं बी हायत, मॅडम," त्या म्हणाल्या. "वाटतानाचे लई हायत. घेतानाचा तेवढा एकच हाय."